जमिनीत राहिलेले प्लास्टिक आणि मातीतील जिवाणू

(नांदेड व लातूर भागातील शेतकऱ्यांसमोर केलेल्या भाषणावरून)



आज मी नव्या वाणाबद्दल बोलणार नाही आणि नव्या औषधाबद्दलही नाही. तुमच्या वावरात रोज पायाखाली येणाऱ्या आणि आपण वाकून न उचललेल्या एका वस्तूबद्दल बोलणार आहे. कलिंगड निघाले की मल्चिंगचा कागद ओढून काढायचा असतो. हाताला येतो तेवढा बांधावर जातो आणि मातीत दबलेला, वेलात गुंतलेला कागद रोटावेटरखाली जातो. दुसऱ्या वर्षी वखराच्या पाळीला काळे-चंदेरी कपटे वर येतात. तिसऱ्या वर्षी ते नखाएवढे झालेले असतात. पाच-सहा वर्षांनी दिसेनासे होतात आणि आपण म्हणतो, कुजले, मातीत मिसळले.

ते कुजलेले नसतात, फक्त लहान झालेले असतात. कुजणे आणि लहान होणे यांत फार मोठा फरक आहे. तो फरक आपल्या जमिनीतील जिवाणूंच्या दृष्टीने काय आहे, एवढाच आजचा विषय आहे.

सुरुवातीलाच सांगतो, मी प्लास्टिकविरुद्ध भाषण करायला आलेलो नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले, तो काळ आपण कोणीच विसरलेलो नाही. मांजरा धरण कोरडे पडले होते. ज्या भागात पाण्याचा थेंब मोजून वापरावा लागतो तिथल्या शेतकऱ्याला ठिबक वापरू नका, शेततळ्याला अस्तर लावू नका, मल्चिंग करू नका असे सांगणे हा शहाणपणा नव्हे. आच्छादनाने बाष्पीभवन कमी होते, तण दबते, भाजीपाल्याला आणि वेलवर्गीय पिकांना त्याचा फायदा होतो हे तुम्ही अनुभवाने जाणता. प्रश्न वापराचा नाही, वापरून झाल्यानंतरचा आहे.

आता आपल्या शेतात प्लास्टिक येते कुठून ते पाहू. मल्चिंगचे तर सांगितलेच. अर्धापूर-मुदखेडकडच्या केळीच्या बागेत चला. उतिसंवर्धित रोपांच्या काळ्या पिशव्या, घड झाकायच्या निळ्या-पांढऱ्या पिशव्या, झाडे बांधायच्या पट्ट्या. हळदीच्या आणि उसाच्या रानात उंदरांनी, खारींनी कुरतडलेल्या ठिबकच्या नळ्या. खताच्या पोत्यांचे सुटलेले धागे, शेडनेटच्या चिंध्या. उकिरड्यातून शेणखताबरोबर येणाऱ्या दुधाच्या पिशव्या आणि गुटख्याच्या पुड्या वेगळ्याच. शहराच्या कचऱ्याचे खत न चाळता आणले तर त्यातूनही प्लास्टिक येते. नदीकाठच्या जमिनींना आणखी एक वाट आहे. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात पूर आले, अनेकांच्या जमिनी खरडून गेल्या. पुराबरोबर काय काय वाहून येते ते पाणी ओसरल्यावर काठच्या बाभळींना लटकलेल्या पन्न्या सांगतात.

आणि एक वस्तू आपल्या ध्यानातही येत नाही. रानडुकरे येऊ नयेत म्हणून आपण वावराच्या चारी बाजूंनी जुन्या साड्या बांधतो. यातल्या बहुतेक साड्या पॉलिस्टरच्या असतात आणि पॉलिस्टर हेही प्लास्टिकच आहे. दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे गेले की साडीचा धागा धागा सुटतो आणि वाऱ्याने रानात पडतो. साडी बांधू नका असे मी म्हणत नाही, पीक राखावेच लागते. पण ती जीर्ण होऊन धागे सुटायच्या आत बदला आणि जुनी वावराबाहेर काढा.

प्लास्टिकच्या पाच मिलिमीटरपेक्षा लहान कणांना सूक्ष्म प्लास्टिक म्हणतात. हा शब्द शास्त्रात रूढ झाला तो २००४ साली, इंग्लंडमधील रिचर्ड थॉम्पसन यांच्या समुद्रावरील कामानंतर. पुढची आठ-दहा वर्षे सगळे लक्ष समुद्राकडेच राहिले. मासे, कासवे, किनारे. बर्लिनचे माथियास रिलिग यांनी २०१२ मध्ये विचारले की हे कण जमिनीत किती आहेत आणि तिथे काय करतात, आणि त्यानंतर मातीच्या अभ्यासाला वेग आला. समुद्राकडे आधी लक्ष गेले यात नवल नाही, तिथे प्लास्टिक तरंगताना दिसते. काळ्या मातीत काळा कपटा कोणाला दिसतो?

हे प्लास्टिक किती टिकते याची एक चांगली नोंद जपानमधून १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. बत्तीस वर्षांहून अधिक काळ जमिनीत पुरलेल्या प्लास्टिकच्या वस्तू काढून तपासल्या गेल्या. पॉलिस्टायरीन आणि पीव्हीसी यांच्यावर कुजल्याची खूण नव्हती. पातळ पॉलिथिनचा जो भाग मातीला थेट चिकटून होता तेवढ्याच भागात झिजल्याची चिन्हे दिसली. आपला मल्चिंगचा कागद पॉलिथिनचाच असतो. म्हणजे बापाने अंथरलेला कागद मुलाच्या वहितीतही असणार. याचे कारण समजून घ्या. कडबा, धसकट, पाचट यांतील कर्ब जिवाणूंना खाता येतो, कारण तो तोडणारी विकरे त्यांच्याजवळ आहेत. पॉलिथिनमध्येही कर्बच आहे, पण तो फार लांब, सलग साखळीत बांधलेला असतो, शिवाय त्यात नत्र नाही, पाणी धरून ठेवणारा भाग नाही. जिवाणूच्या दृष्टीने ते उघडता न येणारे कोठार आहे. ऊन त्या साखळीला ठिसूळ करते, नांगर-वखर तिचे तुकडे करतात, पण तुकड्याचाही गुणधर्म तोच राहतो.

आता थोडा हिशेब करू. हा हिशेब तुम्ही घरी वहीत मांडून पाहू शकता. एक एकर म्हणजे सुमारे ४,००० चौरस मीटर. पाच फुटांवर गादीवाफे धरले तर वाफ्यांची एकूण लांबी साधारण २,६५० मीटर होते. चार फूट रुंदीचा कागद धरला तर सुमारे ३,२०० चौरस मीटर कागद लागतो. २५ मायक्रॉन जाडीच्या एक चौरस मीटर कागदाचे वजन २३ ग्रॅम असते. म्हणजे एकरी सुमारे ७३ किलो कागद. चारशे मीटरचे सहा-सात रोल आपण आणतो, त्यांच्या वजनाशी हे जुळते.

समजा तुम्ही काळजीने काढला आणि दहावा हिस्सा, म्हणजे सात किलो, मातीत राहिला. सात किलो म्हणजे तीनशे चौरस मीटर कागद. त्याचे एक मिलिमीटर बाजूचे चौकोनी तुकडे झाले तर एका चौरस मीटरचे दहा लाख आणि एकूण तीस कोटी तुकडे होतात. नांगरटीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात एकरी जवळजवळ आठ लाख किलो माती असते. प्रत्येक किलो मातीच्या वाट्याला पावणेचारशे तुकडे आले. आणि हा एकाच पिकाचा, तोही काळजी घेतलेला हिशेब आहे.

पण याच हिशेबाची दुसरी बाजूही मी लपवणार नाही. आठ लाख किलो मातीत सात किलो म्हणजे वजनाने टक्क्याचा हजारावा भागही नाही. संख्येने पाहिले तर भीती वाटते आणि वजनाने पाहिले तर काहीच नाही असे वाटते. दोन्ही खरे आहे. म्हणून कोणी तुम्हाला प्लास्टिकने जमीन मेली असे सांगितले, किंवा इतक्याशाने काय होते असे सांगितले, तर दोघांनाही आधी हिशेब विचारा.

आता जिवाणूंकडे वळू. चांगल्या जमिनीच्या एक ग्रॅम मातीत कोट्यवधी जिवाणू असतात, शिवाय बुरशी, ॲक्टिनोमायसेटीस, सूत्रकृमी. पाऊस पडल्यावर येणारा मातीचा वास हा यांपैकीच ॲक्टिनोमायसेटीसचा. सोयाबीनच्या मुळांवरील गाठींत राहणारा रायझोबियम गटातील जिवाणू पिकाला लागणाऱ्या नत्रापैकी निम्म्याच्या आसपास नत्र हवेतून मिळवून देतो. लातूर आणि नांदेड हे सोयाबीनचे जिल्हे. तेव्हा या जिवाणूची मजुरी रुपयांत मोजली तर किती होईल याचा विचार करा. स्फुरद विरघळवणारे जिवाणू, हरभऱ्याच्या मररोगाच्या बुरशीला दाबणारी ट्रायकोडर्मा, मुळांना लांबवरचे स्फुरद आणून देणारी मायकोरायझा, हे सगळे याच वस्तीतले.

ही वस्ती मातीत कुठेही पसरलेली नसते. तिला घरे असतात. मातीचे बारीक कण, बुरशीचे धागे आणि जिवाणूंनी सोडलेला चिकट पदार्थ यांचे मिळून ढेकळाहून कितीतरी लहान असे दाणे तयार होतात. दाण्याच्या आत पाणी टिकते, बाहेरच्या पोकळीत हवा खेळते. एका जिवाणूला हवा लागते, दुसऱ्याला ती चालत नाही, आणि दोघेही एकाच दाण्यात, एक बाहेर आणि एक आत, नांदतात. ज्या जमिनीत दाणेदारपणा आहे तिथे जिवाणू आहेत. दाणा मोडला की वस्ती उठते.

सूक्ष्म प्लास्टिकचा पहिला परिणाम या घरांवर होतो. बर्लिनमध्ये २०१८ साली झालेल्या प्रयोगात वाळूसर पोयट्याच्या मातीत निरनिराळी प्लास्टिके मिसळून पाच आठवडे ठेवली होती. सर्वांत जास्त फरक पॉलिस्टरच्या धाग्यांनी केला. शंभर किलो मातीला ५० ते ४०० ग्रॅम एवढ्याच प्रमाणात मिसळलेल्या धाग्यांनी माती पोकळ झाली, पाणी धरण्याची तिची रीत बदलली, आणि पाण्यात टिकून राहणाऱ्या दाण्यांचे प्रमाण घटले. जिवाणूंचे काम आणि मातीतील पाणी यांचा जो नेहमीचा मेळ असतो तोही विस्कटला. साड्यांची गोष्ट मी मघाशी का सांगितली ते आता लक्षात आले असेल. तपकिरी कपट्यापेक्षा धागा जास्त त्रास देतो, कारण तो दाण्याच्या मधून आरपार जातो. ती माती आपल्यासारखी भारी काळी नव्हती, हेही सांगायला हवे. आपल्या काळ्या जमिनीतील चिकणमाती फुगते आणि आकसते, तिचे वागणे निराळे.

किंबहुना काळ्या जमिनीची म्हणून एक स्वतंत्र अडचण आहे. एप्रिल-मे महिन्यात जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरचा सुटा भुगा त्या भेगांत पडतो आणि त्याबरोबर कागदाचे कपटेही. जूनमध्ये पाऊस झाला की जमीन फुगते, भेगा मिटतात आणि कपटे आत गाडले जातात. तिथे ऊन नाही, हवा कमी. वर असता तर निदान उन्हाने झिजला असता, खाली गेलेला तुकडा जवळजवळ जसाच्या तसा राहतो. वेचून काढायचे म्हटले तरी नांगराच्या तासाखाली गेलेला तुकडा कोण वेचणार?

दुसरा परिणाम असा की प्लास्टिकचा कण स्वतःच एक नवी वस्ती होतो. त्याच्या पृष्ठभागावर जिवाणू आणि बुरशी थर धरतात, पण हा समाज शेजारच्या मातीतील समाजापेक्षा वेगळा असतो. जर्मनीच्या बायरॉइट विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी केनियातील सियाया या गावची कचरा पडलेली माती तपासली. त्यांचे काम २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. माणसाला रोग करू शकणाऱ्या काही बुरशी भोवतालच्या मातीपेक्षा प्लास्टिकच्या कणांवर जास्त प्रमाणात आढळल्या. यावरून तुरीचा मर प्लास्टिकने पसरतो असा अर्थ कृपा करून काढू नका, तसे कोणी दाखवलेले नाही. पण ज्या जागेवर उपयोगी जिवाणूंनी राहावे तिथे कोण येऊन बसते, यावर आपला ताबा राहत नाही, एवढे यातून समजते. शिवाय फवारलेल्या औषधांचे अंश आणि प्लास्टिकमध्ये मुळात मिसळलेली रसायने हे कण धरून ठेवतात आणि हळूहळू सोडतात.

गांडुळांचे काय? नेदरलँड्समधील वाखेनिंगेन विद्यापीठात २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात गांडुळांच्या खाण्यातील पाल्यापाचोळ्यात पॉलिथिनचे बारीक कण मिसळले. पाचोळ्यात २८ टक्के आणि त्याहून जास्त कण असताना साठ दिवसांत गांडुळे मरण्याचे प्रमाण वाढले, वाढही खुंटली. गांडुळे हे कण आपल्या बिळांतून खाली वाहून नेतात हेही पुढे दिसले.

आता या प्रयोगांकडे डोळे उघडे ठेवून पाहा. २८ टक्के म्हणजे फारच झाले. चीनमध्ये २०१७ साली एका प्रयोगात मातीत वजनाने ७ टक्के आणि २८ टक्के पॉलिप्रॉपिलीन मिसळले होते. सात टक्के म्हणजे आपल्या एकराच्या हिशेबाने ५६ टन! इतके प्लास्टिक कोणाच्या शेतात नसते. आणि गंमत अशी की त्या मातीत जिवाणूंच्या विकरांची हालचाल घटली नाही, उलट वाढली. काही प्रयोगांत ती घटते, काहींत वाढते. प्लास्टिक कोणते, आकार काय, माती कोणती, दिवस किती, यावर ते ठरते. मला विचाराल तर हालचाल वाढली म्हणजे भले झाले असेही नाही. घरात ओरडाआरडा वाढला म्हणजे घर सुखी आहे असे आपण म्हणत नाही. जिवाणूंचा समाज बदलतो, एवढे मात्र निरनिराळ्या देशांतील प्रयोग पुन्हा पुन्हा दाखवतात.

मग प्रयोगशाळेतील प्रमाण आपल्याकडे नाही म्हणून निर्धास्त राहावे का? इथे चीनच्या शेतकऱ्याचा अनुभव कामाला येतो. तिथे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस जपानकडून मल्चिंगचे तंत्र आले. शिंजियांग प्रांत कोरडा, पीक कापसाचे, पाण्याची टंचाई. आपल्याला ओळखीचे वाटावे असे सगळे. मल्चिंगने उत्पादन वाढले आणि लाखो हेक्टरवर कागद पसरला. पण तो कागद होता आठ मायक्रॉन आणि त्याहूनही पातळ, स्वस्त पडावा म्हणून. पीक निघेपर्यंत त्याच्या चिंध्या झालेल्या असायच्या, हाताला काही येत नसे. वर्षानुवर्षे मल्चिंग केलेल्या शेतांत हेक्टरी दोनशे किलोहून जास्त तुकडे मोजले गेले. तिथले लोक याला पांढरे प्रदूषण म्हणतात. शेवटी सरकारने २०१७ मध्ये दहा मायक्रॉनपेक्षा पातळ कागदाला मज्जाव करणारे मानक आणले. चीनमधील अनेक प्रयोगांचा २०१९ मध्ये जो एकत्रित आढावा घेतला गेला त्यात हेक्टरी सुमारे २४० किलोपेक्षा जास्त तुकडे जमिनीत साठले की उत्पादन घटते असे दिसले. मुळे अडतात, पाणी अडते. ज्या कागदाने उत्पादन वाढवले त्याच्याच तुकड्यांनी ते खाली आणले.

हेक्टरी २४० किलो म्हणजे एकरी साधारण ९७ किलो. आपला मघाचा हिशेब पुन्हा काढा. दर पिकाला सात किलो मागे राहिले तर तिथे पोहोचायला चौदा पिके लागतील. पंधरा किलो राहिले तर सहा-सात पिके. वर्षात कलिंगड आणि मिरची अशी दोन पिके कागदावर घेणाऱ्याला ही तीन-साडेतीन वर्षांची गोष्ट आहे. आणि सगळाच कागद रोटावेटरखाली घातला तर दुसऱ्याच पिकाला आपण शिंजियांगच्या पुढे जातो. आपल्या मातीत हा आकडा थोडा मागेपुढे होईल. पण हिशेबाची दिशा बदलणार नाही, कारण यात जमा आहे आणि वजावट जवळजवळ नाही. नत्र जास्त झाले तर पुढच्या हंगामात कमी देता येते. क्षार वाढले तर चर काढून, पाण्याने धुऊन काढता येतात. मातीत भुगा झालेले प्लास्टिक परत काढण्याचे कोणतेही अवजार आज शेतकऱ्याच्या हातात नाही.

आपल्या बाजूने एक गोष्ट चांगली आहे. आपल्याकडे शिफारस २५-३० मायक्रॉनच्या कागदाची आहे. हा कागद एका हंगामानंतरही अखंड निघू शकतो. बाजारात त्याहून पातळ कागदही मिळतो आणि रोलमागे थोडे पैसे वाचतात म्हणून तो घेतला जातो. माझे मत विचाराल तर पातळ कागद घेणे हीच या सगळ्यातली सर्वांत मोठी चूक आहे. रोल घेताना त्यावर जाडी लिहिली आहे का पाहा, रोलचे वजन करा. चार फूट रुंद, चारशे मीटर लांब, २५ मायक्रॉनचा रोल अकरा किलोच्या आसपास भरला पाहिजे. सात-आठ किलो भरला तर कागद पातळ आहे, लेबल काहीही म्हणो.

काढणीबद्दल सविस्तर सांगतो, कारण सगळे तिथेच घडते. आमच्या घरच्या वावरात माझ्याच भावाने एका वर्षी टरबुजाचा शेवटचा तोडा झाल्यावर कागद तसाच सोडला. बाजार पडला होता, मजुरीला पैसे द्यायचे जिवावर आले होते. एप्रिल-मेचे ऊन दोन महिने खाऊन तो कागद असा झाला की हातात धरला की पापडासारखा मोडायचा. मृगाच्या आधी घाईत रोटावेटर फिरवला. मी मातीचा अभ्यास करणारा माणूस, पण त्या वेळी मीही घरी नव्हतो आणि असतो तरी फार काही बोललो असतो असे नाही, कारण पेरणी डोक्यावर होती. आजही त्या चार एकरांत पाऊस पडून गेला की मातीवर चकाकते.

म्हणून कागद काढायची वेळ शेवटच्या तोड्यापासून आठ-दहा दिवसांच्या आत धरा. वेल किंवा झाड बुडाशी कापून आधी बाहेर काढा, ते उपटू नका, उपटताना कागद फाटतो. ठिबकच्या नळ्या गुंडाळून घ्या. त्याआधी एकदा हलके पाणी देऊन वाफसा आला की कडेची दबलेली माती फावड्याने किंवा वखराने सैल करा. कोरड्या काळ्या मातीत कड ढेकळात अडकते आणि तुटते, ओल्या चिखलात ती लगदा घेऊन येते. वाफशावर मात्र सहज सुटते. मग एका टोकाने बांबूवर गुंडाळत चला. ओढू नका, गुंडाळा. दोन माणसे सकाळच्या वेळेत हे काम निगुतीने करतात. शेवटी वाफ्यावरून एक चक्कर मारून हाताला येणारे तुकडे पोत्यात भरा. या कामाला मजुरी लागते हे मला मान्य आहे. ती मजुरी पीक लावतानाच खर्चात धरा, रोलच्या किमतीसारखी.

काढलेला कागद झटकून, वाळवून ठेवला तर भंगारवाला घेतो. मातीसकट दिला तर तो नाक मुरडतो, कारण निम्मे वजन मातीचेच असते. गावातील पाच-दहा जणांनी एकत्र साठवला तर गाडी भरते आणि सौद्याला जोर येतो. बांधावर पेटवून देऊ नका. अर्धवट जळालेल्या प्लास्टिकचे गोळे आणि काजळी पुन्हा त्याच रानात पडतात, आणि पीव्हीसी पाइपांचे तुकडे त्यात असले तर धूर विषारी होतो.

आपोआप विरणारा कागद म्हणून काही माल विकला जातो. त्यात दोन जाती आहेत. एक खरोखर जिवाणूंना खाता येणारा. मातीत पुरण्याजोग्या अशा कागदासाठी युरोपात २०१८ चे मानक आहे, त्यात दोन वर्षांत ९० टक्के भाग जिवाणूंकडून संपला पाहिजे अशी अट आहे. तो महाग पडतो, आणि तो खाताना जिवाणू काही काळ जमिनीतील नत्र ओढून घेतात. दुसरी जात म्हणजे साध्याच पॉलिथिनमध्ये एक रसायन घालून ते लवकर तुटेल असे केलेले. ते तुटते, पण कुजत नाही. म्हणजे आपल्या रोटावेटरचे काम तेच घरबसल्या करते. युरोपीय संघाने २०१९ च्या कायद्याने या जातीवर बंदी घातली. दुकानदाराला विचारा, हा कागद जिवाणू खातात की नुसते तुकडे होतात? उत्तर नीट मिळाले नाही तर साधा जाड कागद घ्या आणि काढून आणा.

जिथे जमेल तिथे पाचटाचे आच्छादन करा. लातूरकडे ऊस आहे, पाचट जाळले जाते. तेच भाजीपाल्याच्या सरीत पसरले तर ओल टिकते, तण दबते आणि वर्षाअखेर जिवाणूंच्या पोटात जाते. मराठवाड्यातील पुष्कळ जमिनींत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी भरतो. उपाशी वस्तीला थोडाही त्रास जास्त लागतो. ताग-धैंचा, शेणखत, जिवाणू संवर्धकाची बीजप्रक्रिया हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. शेणखताबद्दल एवढेच, की उकिरड्यात पन्नी जाणारच नाही अशी घरातल्या मंडळींना सवय लावा आणि खत शेतात नेताना जाळीवरून चाळून न्या.

तुमच्या जमिनीत किती प्लास्टिक आहे हे मृदा आरोग्य पत्रिकेत कळणार नाही. २०१५ पासून मिळणाऱ्या या पत्रिकेत बारा घटक असतात, त्यात प्लास्टिक नाही. पण ढोबळ अंदाज घरीच काढता येतो. वाफ्याच्या जागेवरून, वरच्या चार बोटांतून, पाच-सहा ठिकाणची माती घेऊन मिसळा. त्यातली पावशेर माती रात्रभर साध्या पाण्यात भिजत घाला म्हणजे ढेकळे फुटतील. सकाळी काचेच्या मोठ्या बरणीत घेऊन लिटरमागे साडेतीनशे ग्रॅम खडा मीठ घाला, ढवळा आणि दुपारपर्यंत ठेवा. मिठामुळे चिकणमाती लवकर खाली बसते आणि पाणी निवळते. पॉलिथिन, पोत्यांचे धागे वर तरंगतील. काडीकचराही तरंगेल. तरंगणारा माल फडक्यावर गाळून वाळवा आणि संशय येईल त्या तुकड्याला तापवलेली सुई लावा. काडी करपते, प्लास्टिक वितळून आकसते. पीव्हीसीचे तुकडे आणि पॉलिस्टरचे धागे जड असल्याने तळाला जातात, ते या रीतीने सापडणार नाहीत. मल्चिंग न केलेल्या बांधालगतच्या मातीची दुसरी बरणी शेजारी ठेवली तर फरक डोळ्यांना दिसतो.

बरणीतले मिठाचे पाणी मात्र वावरात ओतू नका.